ट्रेलच्या क्लिप-इन शूजची पार्श्वभूमी: तळव्यातला तो खड्डा आला कुठून

पाऊस उघडला की गोव्यातल्या सायकलवाल्यांमधे एक प्रश्न हमखास निघतो, ट्रेलसाठी, म्हणजे डोंगर-जंगलातल्या कच्च्या वाटांसाठी, क्लिप-इन शूज (पॅडलमधे खट्कन अडकणारे बूट) घ्यायचेत, कुठले घेऊ? उत्तरं पण ठरलेली. कोण म्हणतो सोल एकदम कडक पाहिजे नाहीतर ताकद वाया जाते, कोण म्हणतो बोआ डायल (लेसऐवजी बूट आवळायची फिरकी) नसेल तर घेऊच नको, आणि एक जण असतोच जो म्हणतो सोड रे सगळं, साधं पॅडल आणि कॅनव्हासचे बूट बरे. प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर आहे, पण ही मतं वेगवेगळ्या काळातली आहेत, वेगवेगळ्या जातीच्या सायकलिंगमधून आलेली आहेत, आणि एकाच दमात ऐकली की नवीन माणूस गोंधळतो. म्हणून जरा मागे जाऊन बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो, पाय पॅडलला कसा चिकटला यापेक्षा तो पॅडलवरून सुटून जमिनीवर आला की काय होतं, याच भानगडीतून ट्रेलचा बूट घडत गेलाय.

सुरुवात रोड रेसिंगपासून. शंभर वर्षांपूर्वीपासून रेसर लोक पॅडलवर धातूची टो-क्लिप, म्हणजे बुटाचं टोक घालायची चौकट, आणि चामड्याचा पट्टा वापरायचे. बूट पण चामड्याचे, खाली खाच असलेली पट्टी खिळ्यांनी ठोकलेली. ती पट्टी बसवायची पद्धत भारी होती, नवीन बूट घालून आधी पट्टीशिवायच थोडी सायकल चालवायची, पॅडलचे वळ सोलवर उमटले की त्या वळांवर पट्टी ठोकायची. एकदा खाच पॅडलच्या पत्र्यात बसली आणि पट्टा आवळला की पाय पक्का. पण बाहेर काढायचा तर हात खाली नेऊन बक्कल सैल करायला लागायचं, म्हणजे पडायची वेळ आली की पडायचंच.

पाय पॅडलला पट्ट्याविना अडकवायची कल्पना पण जुनीच आहे, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सनने 1895 मधेच असं काहीतरी केलं होतं, पायाला पीळ दिला की अडकणारं आणि सुटणारं. पण ते चाललं नाही. मग सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या चिनेलीने एम-71 नावाचं पॅडल काढलं, त्यात बुटाखालची प्लेट पॅडलवर सरकवायची आणि खिट्टीने लॉक करायची. सोडवायला परत हात खाली! लोक त्याला डेथ पॅडल म्हणायला लागले यात नवल नाही.

कोडं सुटलं ते सायकलवाल्यांकडून नाही, स्कीवाल्यांकडून. फ्रान्समधे नेव्हेर गावात लुक नावाची कंपनी होती, ती बर्फावरच्या स्कीची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवायचे खटके, बनवायची. बाइंडिंगचं सगळं शास्त्र एकच, नेहमी घट्ट धरायचं पण पडताना आपोआप सोडायचं, नाहीतर पाय मोडतो. तिथले जाँ बेल यांनी तेच डोकं पॅडलला लावलं आणि 1984 मधे लुकचं पॅडल बाजारात आलं, पुढून टोक घुसवा, टाच दाबा, खट्, आणि टाच बाहेर फिरवली की मोकळे. हात कुठेच नाही. पुढच्याच वर्षी, 1985 ला, बर्नार्ड इनो त्या पॅडलवर टूर द फ्रान्स जिंकला आणि काही वर्षांत पट्टे संग्रहालयात गेले.

तेव्हा एक त्रास मात्र निघाला जो आजही शूज घेताना कामाला येतो. सुरुवातीच्या लुकमधे पाय अगदी एका कोनात जखडलेला असायचा, गुडघ्याला इकडेतिकडे हलायला जागाच नाही, मग गुडघे दुखायचे. बेल यांनीच पुढे टाइम ही कंपनी काढायला हात लावला आणि त्यांच्या पॅडलमधे पायाला थोडं फिरायची मुभा दिली, त्याला आपण फ्लोट म्हणतो. 1988 ची टूर पेद्रो देलगादोने टाइमच्याच पॅडलवर जिंकली. आज ट्रेलच्या प्रत्येक क्लिप-इन पॅडलमधे काही अंश फ्लोट असतोच, पण क्लीट, म्हणजे बुटाखालचा पॅडलमधे अडकणारा तुकडा, वाकडी बसवली तर तो सगळा एका बाजूला संपून जातो आणि गुडघा तीच जुनी तक्रार करतो, शूजला शिव्या देऊन काय उपयोग नाही.

आता डोंगराकडे. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीमधे 1976 पासून रिपॅक नावाची रेस व्हायची, जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायच्या, ब्रेकच्या हबमधलं ग्रीस इतकं जळायचं की खाली आल्यावर परत भरायला लागायचं, नाव त्यावरून. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही मंडळी त्यातली. त्यांच्या पायात काय? जीन्स आणि दणकट हायकिंग बूट. पॅडल सपाट, दातेरी. म्हणजे माउंटन बाइकचा पहिला बूट हा चालायचा बूट होता, हे लक्षात ठेवा, नंतर चाळीस वर्षं सगळे फिरून परत तिकडेच आलेत.

मधे रेसिंग घुसलं. 1981 ला स्पेशलाइज्डची स्टंपजंपर आली, माउंटन बाइक फॅक्टरीत बनायला लागली, क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेल्या, रेसा वाढल्या, आणि रेसरांनी रोडवरून टो-क्लिप आणि पट्टे उचलून आणले. खडकाळ उतारावर पट्ट्यात अडकलेला पाय म्हणजे काय ते कल्पनाच करा. लुकचं रोडवालं पॅडल लावावं तर बुटाखाली तीन बोल्टांवर मोठी प्लास्टिकची क्लीट बाहेर आलेली, चिखलात उपयोग शून्य आणि उतरून चालायचं म्हटलं तर बदकासारखं.

इथे शिमानो आली. रोडसाठी त्यांनी आधी लुकच्या परवान्यावरच पॅडल काढलं होतं, पण डोंगरासाठी 1990 मधे स्वतःचं काढलं, एसपीडी, पहिलं मॉडेल पीडी-एम737 आणि बरोबर एम100 शूज. यात दोन गोष्टी अशा केल्या की त्या आजपर्यंत बदललेल्या नाहीत. एक, क्लीट छोटी, स्टीलची, दोनच बोल्टांची. दोन, ती क्लीट रबराच्या सोलमधे खड्डा करून आत बसवली, म्हणजे चालताना जमिनीला रबर लागतं, लोखंड नाही. पॅडल दोन्ही बाजूंनी सारखं, त्यामुळे वर कुठली बाजू आलीय ते बघायला नको. त्याच 1990 ला कोलोराडोत ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, खेळ मोठा व्हायचा आणि हे पॅडल यायचं एकच वर्ष. पुढे बाकीच्या कंपन्यांनी पण दोन बोल्टांचंच माप धरलं, म्हणून आज कुठल्याही कंपनीचा ट्रेल शू घ्या, खाली तीच दोन बोल्टांची जागा.

मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात हुशार शोध स्प्रिंगचा नाही, त्या खड्ड्याचा आहे.

अर्थात खड्डा म्हटला की तो भरणार. सुरुवातीच्या एसपीडीची मोठी तक्रार चिखलाची होती, क्लीटभोवती माती ठासून बसायची, मोदकाच्या साच्यात सारण दाबावं तशी, मग पाय अडकेना, किंवा अडकला तर सुटेना. म्हणून नव्वदीच्या मध्यात टाइमने अटॅक नावाचं पॅडल काढलं ज्यात जाड तारेचे दोन कमानीसारखे बार असतात आणि मातीला मागून निघून जायला वाट असते, नंतर क्रँक ब्रदर्सचं एगबीटर आलं, चारही बाजूंनी अडकणारं, जवळजवळ सांगाडाच. शिमानोने पण पुढच्या मॉडेलांमधे बॉडी मोकळी करत नेली. टाइम आणि क्रँक ब्रदर्सच्या क्लीट पितळेच्या असतात, त्यामुळे त्या स्टीलपेक्षा लवकर झिजतात, हा त्या सोयीचा खर्च. आपल्याकडच्या तांबड्या मातीत हा इतिहास वाचायची गरजच नाही, जून महिन्यात डिचोलीच्या बाजूला एक चक्कर मारली की आपोआप कळतो.

मग बूट कडक का होत गेले? क्रॉस-कंट्री रेसिंगमुळे. क्लीट छोटी झाली की सगळा दाब तळव्याच्या एका ठिपक्यावर येतो, तो पसरवायला सोल कडक लागतो, आधी नायलॉनचा, मग कार्बनचा. 1996 ला अटलांटा ऑलिंपिकमधे माउंटन बाइकिंग आलं, वजन आणि कडकपणाची स्पर्धा लागली, आणि ट्रेलवर मजेत फिरणारा माणूस पण रेसरचेच बूट घ्यायला लागला कारण दुकानात दुसरं काही नव्हतंच. असे बूट घालून ओल्या दगडावर उभं राहून बघा कधी.

या कडकपणाच्या नादात एक समजूत घट्ट बसली, की क्लिप-इन म्हणजे पाय वर येताना पण पॅडल ओढता येतं आणि फुकटची ताकद मिळते. 2007 साली आलेल्या एका अभ्यासात सायकलस्वारांना मुद्दाम वर ओढायला सांगितलं तर शरीराचा खर्च उलट वाढला. 2016 ला कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी साधे रनिंग शूज आणि सपाट पॅडल, टो-क्लिप, आणि क्लिप-इन यांची तुलना केली, आरामात ते मध्यम वेगाने चालवताना ऊर्जेच्या खर्चात फरक सापडला नाही. जोरात स्प्रिंट मारताना गोष्ट वेगळी असू शकते, पण तो आपला रोजचा विषय नाही. आमचा पोदेर पहाटे पावाची भलीमोठी टोपली मागे बांधून चपलेवर अख्खा वाडा फिरतो, त्याला हे कोणी सांगायची गरज पडली नाही. क्लिप-इनचा ट्रेलवरचा खरा फायदा वेगळाच, खडबडीत उतारावर पाय पॅडलवरून उडत नाही आणि तळवा नेमक्या जागेवर राहतो.

आणि हे काम सपाट पॅडलवाल्यांनी पण दुसऱ्या वाटेने केलं. फाइव्ह टेन ही कंपनी चार्ल्स कोल यांनी 1985 मधे खडक चढणाऱ्यांसाठी काढली, त्यांचं स्टेल्थ रबर इतकं चिकट की डाउनहिलवाल्यांनी, म्हणजे नुसत्या उतारावर रेस करणाऱ्यांनी, ते पळवलं, पॅडलच्या पिनांमधे रबर रुतून बसतं. 2011 ला आदिदासने कंपनी घेतली. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल 2017, 2018, 2019 अशी सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज सपाट पॅडलवर जिंकला, क्लिप-इनवाले सगळे मागे. या प्रकाराने एक चांगलं झालं, क्लिप-इन शूजवाल्यांची झोप उडाली.

एंड्युरो वर्ल्ड सिरीज 2013 ला सुरू झाली, त्यात वेळ मुख्यतः उतारावर मोजायचे, चढ आपापल्या पायाने काढायचा, कधी सायकल ढकलत. आजचा ट्रेलचा बूट याच प्रकारच्या सायकलिंगमधून आलाय. सोल मधल्या भागात कडक पण टोकाला वाकणारा, खाली बुटभर चिकट रबर, बोटांवर जाड कवच, आणि क्लीटच्या खाचा आधीपेक्षा मागे सरकलेल्या, कारण उतारावर टाच खाली ठेवून उभं राहायला क्लीट मागे असलेली बरी पडते. बोआ डायल पण बाहेरूनच आली, 2001 ला स्नोबोर्डच्या बुटांवर. छान आहे, एका हाताने आवळता येते, पण त्यावर निर्णय घेऊ नका, चिखलात लेस आणि वेल्क्रोचा पट्टा पण चालतो.

गोव्यात काय होतं, इथे क्लिप-इन म्हटलं की डोळ्यासमोर रोडवाले येतात. 2019 ला मिरामारला पहिली आयर्नमॅन 70.3, म्हणजे पोहणं-सायकल-धावण्याची स्पर्धा, झाली, त्यानंतर ट्रायथलॉनचं वारं आलं आणि तीन बोल्टांचे रोड शूज सगळीकडे दिसायला लागले. ते बघून बरेच जण तेच ट्रेलसाठी घेतात, आणि एसपीडी पॅडलला ते बसतच नाहीत. रोड शूज घालून रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत चढताना लोकांची ओल्या लोखंडी रॅम्पवर जी कसरत चालते ती बघितलीत तर 1990 चा तो रबरातला खड्डा का लागला ते कळेल.

ट्रेल म्हणून आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकारची जमीन. सडा, म्हणजे जांभ्याचं कातळ, उन्हाळ्यात खरखरीत आणि वर सुटे खडे, पावसात शेवाळ. दुसरं सत्तरी-डिचोलीकडचे जंगलाच्या कडेचे आणि जुन्या खाणींचे रस्ते, खाणी 2012 ला थांबल्या, परत चालू झाल्या, 2018 ला परत थांबल्या, आता काही ठिकाणी परत हालचाल आहे, त्यामुळे आधी विचारूनच जायचं. आणि तिसरं दिवाडी-चोडणचे खाजन शेतांचे (खाडीकाठच्या शेतांचे) बांध, अरुंद, मानशीजवळ (पाणी सोडायच्या दाराजवळ) उतरून सायकल उचलायलाच लागते. तिन्हीकडे पाय सारखा खाली येतो. म्हणून माझा कौल सरळ आहे, आपल्याकडे कार्बन सोलवर पैसे घालू नका, रबर बघा, टोक वाकतं का बघा, आणि बूट किती लवकर सुकतो ते बघा, कारण जाड फोमचा भारीतला एंड्युरो बूट जुलैत चार दिवस ओला राहतो आणि पाचव्या दिवशी बुरशी.

नवीन असाल तर शिमानोची एसएच-56 क्लीट घ्या, एसएच-51 नेहमीची, ती टाच बाजूला फिरवूनच सुटते, 56 वाली घाबरून पाय वर खेचला तरी सुटते. पॅडलवरच्या छोट्या स्क्रूने स्प्रिंग सैल करून सुरुवात करायची. आणि बोल्टला ग्रीस लावल्याशिवाय क्लीट कधी बसवायची नाही, आपल्या खाऱ्या हवेत ते बोल्ट असे गंजून बसतात की ॲलन कीचं भोक गोल होतं, मग शूज ठणठणीत असून क्लीट काढायला ड्रिल लावायची पाळी येते.