प्रेशर वाढवलं की फिनिशिंग येतं?

"मोठा कॉम्प्रेसर घे, प्रेशर वाढव, बाइकची टाकी आरशासारखी होते." नागपुरात गाडी घरी रंगवणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. चूक आहे. एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा पण कमी प्रेशरवर रंग मारणाऱ्या स्प्रे गनच्या तोंडाशी हवेचं प्रेशर जेमतेम 10 पीएसआय असतं. पाहायचं ते सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती हवा मिळते ते. टाकी-मडगार्डला 0.8 ते 1 मिमी नोझलची टच-अप गन पुरते, आणि ती छोट्या कॉम्प्रेसरवरही चालते. प्रेशर चढवलं की रंग धुक्यासारखा उडतो. निम्मा शेजारच्या काकूंच्या वाळवणावर! त्यात आपला मे महिना, पारा 45 ला. थेंब पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो, मग हात फिरवला की खरखर. स्लो, म्हणजे हळू उडणारं थिनर घ्या, सकाळी लवकर मारा. टू-के क्लिअरला, म्हणजे हार्डनर मिसळून वरून मारायच्या पारदर्शक थराला मात्र तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं.