ऑक्सिजन ९८, मग दम का लागतो?

कोविडपासून एक समज घट्ट बसलाय: ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं की दम लागणं म्हणजे मनाचे खेळ. तसं नाही. बोटावरची ती चिमटी एवढंच सांगते, की रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय. मुळात हिमोग्लोबिन आहे किती, हे तिला कळत नाही. ते १३ वरून ७ वर आलं तरी आकडा ९८ राहू शकतो. दादरचा पूल चढताना मात्र दोनदा थांबावं लागतं. म्हणून आधी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ततपासणी. हृदय कमजोर असेल तर खुणा वेगळ्या: आडवं झालं की धाप, उशाला उशी वाढते, संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ. अचानक धाप, छातीत दुखणं, ओठ निळे? मशीन शोधू नका, १०८ लावा.