शंभर वर्षांची डागडुजी: स्टीलच्या भांड्याची पार्श्वभूमी

स्टीलचं भांडं निवडताना नजर आधी चकाकीवर जाते, मग झाकण नीट बसतं का ते पाहिलं जातं. बूड पाहायचं राहूनच जातं. यात घेणाऱ्याचा दोष थोडा आणि या धातूच्या इतिहासाचा जास्त. स्टेनलेस स्टील चुलीसाठी जन्मलंच नव्हतं. गंजत नाही हा त्याचा गुण ज्या कारणाने आला, उष्णता धड वाहून नेत नाही हा दोषही त्याच कारणाने आला. भांडी घडवणाऱ्यांनी नंतर जे काही केलं, ते बहुतांशी या दोषाची डागडुजी होती.

सुरुवात क्रोमियमपासून. लुई निकोला वोकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये सैबेरियातून आलेल्या लाल खनिजात हे मूलद्रव्य शोधलं. १८२१ मध्ये पिएर बेर्तिए याच्या लक्षात आलं, की लोखंडात क्रोमियम मिसळलं तर त्या मिश्रधातूवर आम्लांचा परिणाम कमी होतो. सुऱ्या-चाकूंसाठी हा धातू वापरावा असंही त्याने सुचवलं. म्हणजे कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे. अडलं ते कार्बनवर. त्या काळच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या मिश्रधातूत कार्बन इतका असायचा, की तो ठिसूळ व्हायचा. ठोकला की तुटायचा. शिवाय कार्बन क्रोमियमला आपल्याशी बांधून ठेवतो, त्यामुळे गंज अडवायला मोकळं क्रोमियम उरत नाही. १८९२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्डसारख्या जाणत्या पोलादतज्ज्ञाने तर क्रोमियममुळे गंजरोधकता घटते, असाच निष्कर्ष काढला. त्याने कसोटीला घेतलेलं सल्फ्यूरिक आम्ल तीव्र होतं आणि नमुन्यांत कार्बन भरपूर होता. निष्कर्ष चुकीचा, पण माणूस मोठा. त्यामुळे बराच काळ कोणी त्या वाटेला गेलं नाही.

कोंडी फुटली ती हान्स गोल्डश्मिटमुळे. अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीने धातूच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेण्याची त्याची पद्धत १८९० च्या दशकात आली आणि जवळजवळ कार्बनविरहित क्रोमियम मिळू लागलं. त्यानंतर लेओं गिये याने फ्रान्समध्ये असे मिश्रधातू बारकाईने अभ्यासले. त्यांची ताकद मोजली, रचना तपासली. ते गंजत नाहीत हे मात्र त्याने नोंदवलंच नाही. ते काम फिलिप मोनार्ट्झने केलं. १९११ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संशोधनात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या: क्रोमियम सुमारे १२ टक्क्यांवर गेलं की गंजरोधकता एकदम वाढते, आणि या संरक्षणाला ऑक्सिजन लागतो.

ही दुसरी गोष्ट रोजच्या वापरात फार उपयोगाची आहे. स्टीलवर बाहेरून चढवलेला लेप नसतो. धातूतलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पडदा तयार करतं. ओरखडा पडला तर हवा लागताच तो पुन्हा भरून येतो. म्हणून घासल्याने स्टीलचं ‘कोटिंग’ जाईल ही भीती व्यर्थ आहे. हां, साध्या लोखंडी तारेच्या घासणीने घासलं तर त्या तारेचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि तेच गंजतात. मग भांडंच गंजलं असं वाटतं.

शोधाचं श्रेय बहुतेक वेळा इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीला दिलं जातं. बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात, त्यावर उपाय शोधण्याचं काम १९१२ मध्ये त्याच्याकडे आलं होतं. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्याने विजेच्या भट्टीत १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेलं पोलाद ओतवलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी नमुना आम्लाने थोडा खरवडावा लागतो. हा नमुना खरवडलाच जाईना. व्हिनेगर आणि लिंबाच्या रसानेही तो काळवंडला नाही. सुऱ्या बनवणाऱ्यांच्या गावात वाढलेल्या ब्रिअर्लीला याचा उपयोग लगेच सुचला, पण मालकांना तो पटला नाही, आणि पुढे पेटंटच्या हक्कांवरून झालेल्या वादात तो कंपनीतून बाहेर पडला. पहिल्या सुऱ्या घडवताना कारागीर वैतागले होते, कारण नेहमीच्या रीतीने हे पोलाद वळेना. एर्नेस्ट स्टुअर्ट या सुऱ्यांच्या कारखान्यातल्या व्यवस्थापकाने तापमानाचं गणित जमवलं आणि ‘स्टेनलेस’ हे नावही त्यानेच दिलं. तोवर पहिलं महायुद्ध पेटलं होतं. हे पोलाद विमानांच्या इंजिनांतल्या झडपांकडे वळलं आणि स्वयंपाकघराची पाळी लांबली.

पण पातेल्याचं कूळ शेफील्डचं नाही. ब्रिअर्लीचं पोलाद तापवून आणि झटकन थंड करून कडक करता येतं. सुरीसाठी ते उत्तम, पातेल्यासाठी निरुपयोगी. पातेलं बनवताना पत्रा साच्यात दाबून खोल ओढावा लागतो, त्याला लवचिकपणा हवा. तसा मिश्रधातू जर्मनीत एसेनला, क्रुप कारखान्यात तयार झाला. एडुआर्ड माउरर आणि बेन्नो श्ट्राउस यांनी क्रोमियमच्या जोडीला निकेल घातलं आणि १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्यांना भट्टीचं तापमान मोजणाऱ्या उपकरणांसाठी टिकाऊ आवरण हवं होतं, म्हणजे इथेही स्वयंपाकाचा संबंध नाहीच. निकेलने पोलादाची आतली रचना बदलते. ते मऊ, ताणता येण्याजोगं राहतं आणि लोहचुंबकाला चिकटत नाही. १९२४ मध्ये शेफील्डमध्येच, ब्रिअर्लीच्या जागी आलेल्या विल्यम हॅटफील्डने १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे प्रमाण पक्कं केलं. भांड्याच्या बुडाशी कोरलेले ‘१८/८’ हे आकडे तिथून आलेत. ‘१८/१०’ म्हणजे फार वेगळं काही नाही. याच मिश्रधातूच्या प्रतीला ३०४ हा क्रमांक आहे; तीत निकेल ८ ते साडेदहा टक्क्यांपर्यंत चालतं, त्याच पट्ट्यातला तो वरचा आकडा. केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

आता दोषाकडे. धातूत उष्णता मुख्यतः मोकळ्या इलेक्ट्रॉनांमार्फत वाहते. शुद्ध धातूच्या अणूंच्या रांगा सरळ असतात, त्यांतून इलेक्ट्रॉन सुसाट जातात. त्या रांगांत क्रोमियम-निकेलचे परके अणू घुसवले, की प्रत्येक वळणावर धक्काबुक्की. १८/८ मध्ये हे परके अणू चौथ्या हिश्शाहून जास्त असतात, म्हणून उष्णतेची वाट अडते ती कायमची. आकडे बोलके आहेत: उष्णतावहनाच्या मापात तांबं साधारण ४००, अ‍ॅल्युमिनियम २३५ च्या आसपास, बिडाचं लोखंड ५० च्या घरात आणि ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील जेमतेम १५. तांब्याच्या पंचविसाव्या भागाहूनही कमी! आचेच्या ज्वाळा जिथे लागतात तिथे पत्रा लालबुंद तापतो आणि चार बोटांवर तो कोमट असतो. पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात पदार्थ गोल कड्यासारखा करपतो, त्याचं कारण एवढंच. ढवळण्याचा आळस केला नसला तरी ते कडं उमटतं.

तरीही स्टील जिंकलं, कारण स्पर्धकांच्या तक्रारी मोठ्या होत्या. तांब्याला कल्हई लागते आणि ती झिजते. एनॅमलचा टवका उडतो. अ‍ॅल्युमिनियम १८८६ मध्ये विजेने वेगळं करण्याची पद्धत सापडल्यावर स्वस्त झालं, पण आंबट पदार्थ त्याला खातो. स्टील कशाशीच भांडत नाही, पदार्थ कळकू देत नाही. त्याला फक्त आच पसरवणारा जोडीदार हवा होता.

पहिला गाजलेला जोडीदार तांबं. अमेरिकेतल्या रिव्हिअर कंपनीने १९३९ मध्ये स्टीलच्या भांड्याच्या बुडावर विजेच्या प्रक्रियेने तांब्याचा थर चढवून बाजारात आणला. देखणा प्रकार. मात्र उष्णता आडवी पसरायला धातूची जाडी लागते, आणि अशा मुलाम्याची जाडी किरकोळ असते. तांबूस बूड दिसलं म्हणून भुलू नये, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

दुसरा मार्ग बुडाला अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती जोडून ती स्टीलच्या टोपीत बंद करण्याचा. हा आजही सर्वांत प्रचलित आहे आणि माझ्या मते उकळण्या-शिजवण्याच्या पातेल्यांना पुरेसा आहे. पातळ पदार्थ स्वतःच फिरतो, तो उष्णता वर नेतो. भिंती पातळ असल्या तरी बिघडत नाही. अट इतकीच, की चकती बुडाच्या कडेपर्यंत पोचलेली हवी. अलीकडे संपली तर जिथे भिंत सुरू होते तिथेच करपतं, विशेषतः मोठ्या बर्नरवर.

तिसरा मार्ग आला नाण्यांच्या धंद्यातून. अमेरिकेने १९६५ मध्ये नाण्यांतली चांदी काढून तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे थर बसवले. धातूंचे थर दाबाने एकजीव करण्याच्या या तंत्रातले जाणकार जॉन उलाम यांनी १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग इथे क्लॅड मेटल्स ही कंपनी काढली आणि १९७१ मध्ये त्याच पत्र्याची भांडी करायला सुरुवात केली. ऑल-क्लॅड हे त्या भांड्यांचं नाव. ज्याला आज ट्राय-प्लाय म्हणतात ते हेच: आत स्टील, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, बाहेर स्टील, आणि हे बुडापासून काठापर्यंत. परतण्याच्या पसरट भांड्यात याचा फरक जाणवतो, कारण तिथे भिंतींनाही काम असतं. थर पाच केले म्हणून भांडं आपोआप सरस ठरत नाही. मधल्या अ‍ॅल्युमिनियमची एकूण जाडी किती, ते महत्त्वाचं.

याच सुमारास धातूही स्वस्त झाला. वितळलेल्या पोलादातला कार्बन ऑक्सिजनने जाळताना महागडं क्रोमियमही जळून जायचं. ऑक्सिजनमध्ये आर्गॉन हा निष्क्रिय वायू मिसळला तर कार्बन जातो आणि क्रोमियम वाचतं, हे युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत १९५४ मध्ये दिसलं होतं; कारखान्यात ते १९६० च्या दशकाच्या शेवटी उतरलं.

निकेल मात्र महाग राहिलं. १९५० च्या दशकातल्या टंचाईत निकेलच्या जागी बरंचसं मँगनीज घालून २०१ आणि २०२ या प्रती रुळल्या. निकेल अजिबात न घालता क्रोमियमवरच भागवलेलं ४३० प्रतीचं, म्हणजे १८/० स्टीलही आहे. इथे चुंबकाची गंमत येते. ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील अस्सल’ ही जुनी कसोटी अर्धवट आहे. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, पण २०१ लाही चिकटत नाही. उलट ३०४ चा पत्रा साच्यात ओढताना काठाशी किंचित चुंबकीय होऊ शकतो. शिवाय १९७० च्या दशकात वेस्टिंगहाउसने इंडक्शनची शेगडी बाजारात आणायचा प्रयत्न केला आणि पुढे ती रुळली, तेव्हापासून बाहेरच्या बुडाला चुंबक चिकटणं ही गरज झाली. म्हणून आत ३०४ आणि बाहेर ४३० अशी जोडी चांगल्या भांड्यांत दिसते.

स्टीलला पदार्थ चिकटतो ही तक्रार धातूइतकीच जुनी. तिच्यावरचा उपाय मात्र स्टीलपेक्षाही जुना निघाला. योहान गोटलोब लायडेनफ्रोस्ट या जर्मन वैद्याने तापलेल्या लोखंडी चमच्यावर पाण्याचा थेंब टाकून निरीक्षणं केली आणि १७५६ मध्ये ती प्रसिद्ध केली. खूप तापलेल्या धातूवर थेंब लगेच उडून जात नाही. स्वतःच्याच वाफेवर तरंगत गोळीसारखा घरंगळतो. स्टीलचा तवा रिकामा तापवून थेंब टाकावा. चुरचुरून आटला तर अजून थांबायचं. गोळी होऊन पळाला तर तवा २०० अंशांच्या आसपास किंवा वर गेला आहे. आच कमी करून मग तेल घालायचं. पदार्थातली प्रथिनं कोमट धातूला घट्ट धरतात. तापलेल्या, तेल लावलेल्या पृष्ठभागावर खालची बाजू लवकर कोरडी होऊन तिला पापुद्रा धरतो आणि ती आपोआप सुटते. उलथायची घाई केली तर फाटते. मोठी आच सतत ठेवायची सवय लागली असेल तर ती पातळ बुडाच्या भांड्यांनी लावलेली असते. जाड बुडाला मध्यम आच पुरते.

मीठ हा या धातूचा खरा शत्रू. मिठातलं क्लोराइड तो ऑक्साइडचा पडदा ठिकठिकाणी भेदतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, ते भरून येत नाहीत. थंड पाण्यात टाकलेलं मीठ न विरघळता तळाशी बसतं, नेमकं तिथेच हे घडतं. म्हणून पाणी उकळू लागल्यावर मीठ घालून ढवळावं. क्लोरीनयुक्त साफसफाईची द्रावणंही याच कारणाने टाळावीत. २०१ आणि ४३० या बाबतीत ३०४ पेक्षा नाजूक. जास्त तापल्यावर उमटणारे निळे-सोनेरी रंग मात्र निरुपद्रवी आहेत: पडदा थोडा जाड झाला, इतकंच. व्हिनेगरने ते जातात, जड पाण्याचे पांढरे डागही जातात.

राहिला प्रश्न अन्नात उतरणाऱ्या धातूचा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टोमॅटोचा सॉस स्टीलमध्ये तासन्‌तास शिजवून पाहिला, तेव्हा निकेल आणि क्रोमियम त्यात उतरल्याचं दिसलं. नव्या भांड्यात प्रमाण जास्त होतं, पहिल्या काही वापरांनंतर ते घटून स्थिरावलं. बहुतेकांना याने फरक पडत नाही. निकेलची अ‍ॅलर्जी तीव्र असेल त्यांनी आंबट पदार्थ फार वेळ शिजवण्यासाठी आतून १८/० असलेलं भांडं शोधावं. त्याला चुंबक आतल्या बाजूनेही घट्ट चिकटतो.