बागकामाची जुनी हातहत्यारे : ओळख व उपयोग

माळीकामात एके काळी रोज वापरली जाणारी, पण आता नावासकट विस्मरणात गेलेली हातहत्यारे. पुणे परिसरात ती दोन घराण्यांची सापडतात. पहिले घराणे देशी लोहारकामाचे : खुरपी, कुदळी, आकड्या, झेले, विळे. दुसरे विलायती. कॅन्टोन्मेंटमधील बंगल्यांच्या बागा, १८७३ साली सुरू झालेली गणेशखिंडची बाग, एम्प्रेस गार्डन आणि पुढे शेती महाविद्यालय यांच्यामुळे हे दुसरे घराणे इथे रुजले. वाडा किंवा बंगला पाडायला निघाला की माळ्याची हत्यारे माळ्यावरून खाली येतात आणि भंगारातून बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजाराच्या पथारीवर पोचतात. तिथे विकणारा जे नाव सांगतो ते बहुधा चुकीचे असते. त्याचा दोष नाही. मूठ गेलेली, जाळी फाटलेली, जोडीचा अर्धा भाग हरवलेला अशा अवस्थेत वस्तू त्याच्याकडे येते.

ओळखण्याची रीत

आकारावरून नाव ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. आकार फसवतो, झीज फसवत नाही. हत्यार हातात आल्यावर गंज घासण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, धार कुठे आहे : आतल्या कडेला, बाहेरच्या कडेला की टोकाला, आणि उतार एका बाजूने दिला आहे की दोन्ही. आतली धार ओढून कापण्यासाठी असते, टोकाची ढकलण्यासाठी. एका बाजूचाच उतार असला तर काप सपाट यावा ही कारागिराची गरज होती, म्हणजे कलमाचे काम. दुसरी, दांडा कसा बसवला आहे. नेढे (दांडा घालायचे आरपार भोक) असेल तर ते कुदळीसारखे घाव घालण्याचे हत्यार. पात्याची निमुळती शेपटी मुठीत ठोकलेली असेल तर ते बसून वापरायचे हलके हत्यार. पत्रा वळवून केलेली नळी असेल तर उभ्याने वापरायचा लांब दांडा गेलेला आहे असे समजावे. तिसरी, झीज. खुरप्याचा एकच कोपरा खाल्लेला असतो. डावखुऱ्याच्या खुरप्यात नेमका उलटा. पात्याच्या वरच्या कडेला चकाकी असेल तर तिथे पाय पडत होता. चौथी, ठसा. कावळ्याच्या पावलासारखी तीन रेघांची बाणाची खूण सरकारी, बहुधा लष्करी मालाची. ‘कास्ट स्टील’ असा ठसा पाहून अनेकजण ओतीव लोखंड समजून माल टाकून देतात. एकोणिसाव्या शतकातल्या हत्यारावर त्याचा अर्थ मुशीत वितळवून केलेले पोलाद असा आहे आणि ते धारेला उत्तम असते.

कलमाची हत्यारे

डोळे भरण्याचा (म्हणजे एका झाडाचा अंकुर सालीसकट काढून दुसऱ्या झाडात बसवण्याचा) चाकू हे या गटातले सर्वाधिक ओळख चुकणारे हत्यार. मिटवता येणारे छोटे पाते आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला हाडाची किंवा पितळेची चपटी, बोथट जीभ. पथारीवर तो टपालाची पाकिटे फोडण्याची सुरी म्हणून विकला जातो. जिभेचे काम असे : गुलाबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर (ज्या मुळावरच्या रोपावर कलम करायचे त्याच्या खोडावर) इंग्रजी टी अक्षरासारखा काप घ्यायचा, उभा काप साधारण २ ते २.५ सेंमी., आणि जिभेने दोन्ही बाजूंची साल अलगद उचलायची. पात्यानेच साल उचलली तर खालचा ओला थर खरवडला जातो आणि डोळा धरत नाही. साल सहज सुटत नसेल तर दोष चाकूचा नसतो. खुंटात रस चढलेला नसतो. दोन-तीन दिवस भरपूर पाणी देऊन पुन्हा पाहावे.

छाटणीचा चाकू याहून जाड, पाते पोपटाच्या चोचीसारखे आत वळलेले. चोच फांदीवरून पाते निसटू देत नाही. मोठ्या करवतीच्या कापाची खडबडीत कड तासून गुळगुळीत करणे हेही त्याचेच काम. सिकेटर (फांद्या छाटण्याची कात्री) १८१५ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाले आणि हळूहळू या चाकूचा धंदा बसला. मात्र जुने माळी कोवळ्या फांदीला आजही चाकू पसंत करतात, कारण सिकेटरची बोथट बाजू फांदी चेपते.

दोन समांतर पाती, मध्ये ३ ते ६ मिमी. अंतर आणि वाकडी मूठ असे हत्यार दिसले तर ते द्राक्षवेलीच्या खोडावरची सालीची अरुंद कडी काढण्याचे आहे. पानांत तयार झालेले अन्न काही काळ मुळांकडे न उतरता घडांकडे राहावे, हा हेतू. पाती सालीपुरतीच गेली पाहिजेत. लाकडात रुतली तर पाण्याची वाट तुटते आणि वेल सुकते. गुटी कलमाला (झाडावरच्या फांदीलाच मुळ्या फोडण्याच्या रीतीला) हे चालत नाही. तिथे अडीच-तीन सेंमी. रुंद साल काढावी लागते. अरुंद कडी काढली तर मुळ्या सुटण्याआधीच दोन्ही कडा सांधून येतात.

पाचर कलमाची छिन्नी पाहिल्यावर माणूस हमखास म्हणतो, हे नारळ फोडायचे काहीतरी आहे. जाड पाते, त्याची धार किंचित आत वळलेली, आणि टोकाला एक उभी अरुंद पाचर. आतल्या वळणामुळे घाव घातल्यावर दोन्ही कडांची साल आधी कापली जाते आणि लाकूड नंतर फाटते, त्यामुळे साल चिंध्या होत नाही. मग छिन्नी काढून पाचर मधोमध ठोकायची, चीर उघडी राहते, कलमाच्या काड्या दोन्ही कडांना साल-साल जुळवून बसवायच्या आणि पाचर हलकेच काढून घ्यायची. पाचर तुटलेली छिन्नी उपयोगाची नाही. वेगळी लाकडी पाचर चालते, पण ती काढताना काड्या हलतात.

पिचकारी की फवारणी

दीड-दोन फूट लांब, पितळी, लाकडी मुठीची नळी मिळाली की पुण्यात ती रंगपंचमीची पिचकारी ठरते. पुष्कळदा ती बागेची फवारणी, म्हणजे झाडांवर पाणी किंवा औषध फवारण्याची नळी, असते. फरक सोपा आहे. फवारणीच्या तोंडाला आट्या असतात आणि त्यावर बारीक, मध्यम, जाड भोकांच्या चकत्या बदलता येतात. काहींना तोंडाजवळ बाजूला एक भोक आणि आत गोळी असते : दट्ट्या ओढला की गोळी सरकते आणि पाणी बाजूने भराभर आत येते, दाबला की गोळी भोक बंद करते. वाकडी मान जोडलेली असेल तर पानांच्या खालच्या बाजूला मारण्यासाठी, कारण मावा आणि कोळी तिथेच बसतात. साध्या पिचकारीत यातले काही नसते.

हा भेद केवळ हौशी नाही. या नळ्यांतून तंबाखूचा काढा, मोरचूद-चुन्याचे मिश्रण आणि कधी शिशाचे आर्सेनेटही मारले गेले आहे. जुनी फवारणी मुलांच्या हातात रंग खेळायला देऊ नये, आणि तिची पॉलिश उघड्या हाताने, स्वयंपाकघरात करू नये. दट्ट्यावरची चामडी वाटी सुकून आकसलेली असते. ती कोमट पाण्यात रात्रभर आणि मग एरंडेलात भिजवली तर बहुतेक वेळा पुन्हा फुगते. फाटली असेल तर सायकल पंपाचा जवळच्या मापाचा चामडी वॉशर चालतो.

छोटा भाता आणि पुढे चपटे पत्र्याचे तोंड असे दिसले तर भुरी रोगावर गंधकाची पूड उडवण्याचा तो भाता. मधमाश्या शांत करण्याच्या धुरनळ्याशी त्याची गल्लत होते. धुरनळ्याला जाळ घालण्याचा डबा असतो, याला नसतो.

हिरवळ व वाफ्यांची हत्यारे

अर्धचंद्राकृती पाते, रुंदी सुमारे २० ते २३ सेंमी., मध्ये नळी. चांभाराची रापी म्हणून विकले जाते. रापी तळहातात मावते आणि वस्तऱ्यासारखी असते. हे हिरवळीची कड सरळ कापण्याचे हत्यार, धार जाडसर, वर पाय ठेवायला दुमडलेली कड. उभे टेकवून पायाने सरळ खाली दाबायचे. कुदळीसारखा घाव घातला की कड नागमोडी होते. याच्या सोबतीला दोन लोखंडी खुंट्या आणि एका खुंटीवर फिरणारा सांगाडा मिळाला तर ती ओळ आखण्याची दोरी. पुण्यातले पतंगवाले तिला लोखंडी आसारी समजतात, पण मांजा जमिनीत खुपसून कोण गुंडाळतो?

लाकडाचा जड सपाट ठोकळा आणि तिरपा दांडा म्हणजे जमीन चोपण्याचे चोपणे, किंवा हिरवळीच्या चकत्या बसवून ठोकण्याचे तेच हत्यार. दोन्हींत फरक करता येत नाही, आणि करायची गरजही नाही.

दुभंगलेल्या जिभेचे, पाठीला वाकण किंवा गोळा असलेले लांब सळईसारखे हत्यार म्हणजे तण उपटणी. वाकण जमिनीवर टेकते, मूठ खाली दाबली की तण मुळासकट वर येते. पाथरीसारख्या सोटमूळ असलेल्या तणाला ती उत्तम. लव्हाळ्याला निरुपयोगी : गाठी बारीक दोऱ्यांवर लोंबत असतात, दोरा तुटतो आणि गाठ खाली राहते. हरळीलाही तेच. वाफसा (मातीत बेताची ओल) असतानाच वापरावी. कडक काळ्या मातीत जोर लावला तर जीभ वाकते किंवा तुटते. जुन्या उपटण्यांपैकी बऱ्याच अशाच मोडलेल्या मिळतात.

कंद लावण्याची पत्र्याची गोल नळी, वर मूठ, पुण्याभोवती निशिगंधाच्या लागवडीला उपयोगी पडते. मातीचा गट्टू काढायचा, ५ ते ७ सेंमी. खोलीवर कंद ठेवायचा, गट्टू परत बसवायचा. पोयट्यात झकास, काळ्या मातीत गट्टू नळीत चिकटून बसतो. लोखंडी टोकाचा लाकडी टोचा हा तिचा साधा भाऊ. त्याचा दोष असा की ओल्या चिकण मातीत भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळे बाहेर जात नाहीत. टोचा काढताना थोडा फिरवून भिंत खरवडावी, आणि रोपाखाली पोकळी राहणार नाही इतकीच खोली ठेवावी.

देशी हत्यारे

चाडे हे बागेचे नव्हे तर पेरणीचे, पण जुन्या बाजारात आणि शोभेच्या दुकानांत इतके दिसते की त्याची नोंद हवी. लाकडी वाटी, तळाला भोके. मेणबत्तीदाणी म्हणून विकतात. भोके मोजावीत : तीन असतील तर तिफणीचे (तीन फणांच्या पेरणीच्या अवजाराचे). प्रत्येक भोकाला एक बांबूचा नळा जोडलेला असे आणि पेरणारीची मूठ सगळ्या भोकांत सारखे बी सोडी. भोकांच्या तोंडाशी गुळगुळीत झीज नसेल तर ती वस्तू शोभेसाठी नवीन केलेली आहे.

झेला म्हणजे बांबूच्या टोकाला कडी, पाते आणि जाळी. जाळी गेल्यावर उरलेली कडी ओळखू येत नाही. कडीच्या वरच्या बाजूला आत तोंड करून बसवलेले पाते शोधावे. आंबा देठासकट कापणे हा त्याचा मुद्दा, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. नुसती वाकडी आकडी शेवग्याला, चिंचेला. पानमळ्यात अंगठ्यात घालायचे धारदार लोखंडी नख मिळते, ते विड्याची पाने खुडण्यासाठी. ते इतके लहान की बहुतेकदा खिळ्यांच्या डब्यातच सापडते.

दुरुस्ती

गंज काढायला हत्यार १२ ते २४ तास साध्या व्हिनेगरमध्ये बुडवावे, तारेच्या ब्रशने घासावे, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारावा आणि लगेच कोरडे करून तेल लावावे. जास्त काळ ठेवले तर चांगले पोलादही खाल्ले जाऊन ठसे पुसतात. हाडाची मूठ बुडवू नये.

धार लावताना सगळ्यात जास्त हत्यारे बिघडतात. फिरत्या दगडावर पाते तापून निळे पडले की पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरले. त्या जागी धार पुन्हा टिकत नाही. कलमाचा चाकू धारवाल्याला देऊच नये. तो सवयीने दोन्ही बाजूंना उतार देतो, काप फुगीर येतो, आणि खुंट व काडी यांच्यात फट राहून कलम वाळते. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त बूर काढावी, उताराची बाजू १५ ते २० अंशांत घासावी. सिकेटरचेही तसेच. खुरपे आणि कुदळ मात्र लोहाराकडून शेवटून (तापवून-ठोकून नवी धार काढून) घ्यावी. कानशीने वर्षानुवर्षे घासलेले पाते पातळ होते, पण त्याला लोखंडाची नवी ताकद येत नाही.

दांड्याला बाभूळ किंवा धावडा. लाकूड वाळलेले हवे; ओल्या लाकडाचा दांडा नेढ्यात घट्ट बसतो आणि महिन्याभरात आकसून डोके सुटते. ढिले झालेले डोके पाण्यात भिजवून घट्ट करण्याची सवय घातक आहे : दांडा फुगतो, नेढ्यात चेपला जातो आणि वाळल्यावर आधीपेक्षा ढिला होतो. पाचर बदलावी. शेवटी जवसाच्या तेलाचे तीन हात, प्रत्येकात एक दिवसाचे अंतर. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून मग फेकावी.