टेस्ट नापास झाली, पण चूक कुणाची?

सॉफ्टवेअर नीट चालतं का, हे तपासायला प्रोग्रामर आणखी छोटे प्रोग्राम लिहितात. त्यांना म्हणायचं टेस्ट. मूळ कोड बदलला की त्या आपोआप चालतात आणि एखादी नापास झाली की बदल अडतो. पण टेस्टही माणसानंच लिहिलेला कोड आहे. तोच सदोष असेल तर?

आरी व्हान डर्सन आणि त्यांच्या तीन डच सहकाऱ्यांनी २००१ साली अशा दोषांची ११ लक्षणं नावानिशी मांडली. त्यांना ‘टेस्ट स्मेल’ म्हणतात. त्यातलं एक ‘मिस्ट्री गेस्ट’, म्हणजे टेस्ट वाचून कळणारच नाही अशा बाहेरच्या फाइलवर किंवा डेटाबेसवर तिचा निकाल ठरतो.

माझ्या मते घड्याळ हा त्यातला सगळ्यात फसवा पाहुणा. समजा, बिलावर भारतीय वेळेनुसार तारीख पडते आणि टेस्ट मात्र यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालणाऱ्या सर्व्हरची तारीख अपेक्षित धरते. दिवसभर टेस्ट पास होते. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात मात्र नापास, कारण यूटीसीनुसार अजून आदलाच दिवस चालू असतो. यावर उपाय असा: कोडनं वेळ स्वतः विचारू नये, ती बाहेरून द्यावी. मग टेस्टमध्ये एक ठरावीक वेळ देता येते आणि मध्यरात्रीनंतरची वेळही मुद्दाम तपासता येते.

अशा लहरी टेस्टना ‘फ्लेकी’ म्हणतात. त्यांचं खरं नुकसान म्हणजे लोक ‘परत चालवून बघ’ म्हणायला लागतात, आणि त्या सवयीत खरा दोषही निसटतो. २०१४ साली ‘अपाची’ या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांमधल्या फ्लेकी टेस्टच्या दुरुस्त्या संशोधकांनी तपासल्या. ज्यांचं कारण कळलं, त्यांतल्या सुमारे ४५ टक्के टेस्ट दुसरीकडचं काम पूर्ण व्हायची नीट वाट पाहत नव्हत्या. ‘दोन सेकंद थांब’ असं लिहिण्यापेक्षा ‘उत्तर येईपर्यंत थांब, फार तर तीस सेकंद’ असं लिहिलेलं कितीतरी बरं.

कोड चुकला तरी कधीच नापास न होणारी टेस्ट ओळखणं त्याहून अवघड. त्यासाठी मूळ कोडमध्ये जाणूनबुजून चूक घालतात आणि टेस्ट ती पकडते का ते बघतात. या ‘म्युटेशन टेस्टिंग’चा पाया १९७० च्या दशकातला. समजा, नियम आहे ‘५०० किंवा जास्त रुपयांच्या खरेदीवर डिलिव्हरी मोफत’. तो बदलून ‘५०० पेक्षा जास्त’ केला आणि तरीही सगळ्या टेस्ट पास झाल्या, तर ४०० आणि ९०० तपासले गेले असतील, बरोबर ५०० कुणी तपासलेलेच नाहीत. तेवढी एक टेस्ट लगेच लिहावी.