कॉलेज करता करता मिक्सर चालवायचाय? आधी लायसन्सचं गणित मांडा

घणसोलीत माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. अ‍ॅडमिशनची गर्दी ओसरली की मुलं लायसन्सच्या कामाला येतात, आणि त्यात हल्ली एक मागणी हमखास असते. "दादा, मामा आरएमसीच्या गाडीवर आहे. मालक म्हणतो सुट्टीत ये. हेवीचं लायसन काढून द्या ना." महापे, तुर्भे, शिळफाटा, घोडबंदर या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात आरएमसीचे, म्हणजे तयार काँक्रीटचे, प्लांट आहेत. तिथून साइटवर माल नेणारा फिरत्या ड्रमचा ट्रक म्हणजे मिक्सर. त्यामुळे असा मामा किंवा काका बहुतेकांच्या ओळखीत निघतोच. मी आधी मुलाची जन्मतारीख विचारतो. दहातल्या सात-आठ जणांचं काम तिथेच अडतं.

खाजगी कार अठराव्या वर्षी चालवता येते, मालवाहू गाडी नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४ प्रमाणे ट्रान्सपोर्ट वाहन (मिक्सर त्यातच येतो) चालवायला २० वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी त्या वर्गाचं शिकाऊ लायसन्ससुद्धा मिळत नाही. म्हणजे "आत्ता लर्निंग काढून ठेवू, वीस झाल्यावर पक्कं करू" ही युक्ती चालत नाही. दुसरी अट कलम ७ मध्ये आहे: हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे साध्या भाषेत कारचं, लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. इथे मुलं फार फसतात. गियरच्या बाइकचं लायसन्स दोन वर्षांपूर्वीचं असतं आणि त्यांना वाटतं वर्ष कधीच भरलं. ते वर्ष बाइकच्या तारखेपासून मोजत नाहीत, कारचा वर्ग ज्या दिवशी लायसन्सवर चढला त्या दिवसापासून मोजतात.

म्हणून ज्याला हे काम करायचंच आहे त्याने एफवायला असताना कारचं लायसन्स काढून ठेवावं. वीस पूर्ण होईपर्यंत तो टीवायच्या आसपास येतो, कारचं वर्ष कधीच भरलेलं असतं, आणि महिनाभरानंतर पुढचं काम होतं. टीवायला येऊन कारपासून सुरुवात केली, तर पदवी हातात पडेल पण मिक्सर नाही. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळेचा दाखला त्यासाठी शोधत बसू नका. वयाच्या पुराव्याला तो चालतो, तेवढ्यापुरता ठेवा.

"पण कारच्या लायसन्सवर छोटा ट्रक चालतो ना?" हा पुढचा प्रश्न. चालतो, मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलं. मिक्सर त्यात बसत नाही. ६ घनमीटरचा ड्रम घ्या. काँक्रीटचा एक घनमीटर साधारण २,४०० किलोचा, म्हणजे नुसता मालच १४ टनांच्या वर गेला, गाडीचं वजन वेगळंच. साइटवर स्वतःच फावड्याने माल उचलून कालवणारा सेल्फ लोडिंग मिक्सर मात्र नियमांत बांधकाम यंत्र म्हणून धरलेला आहे, ट्रान्सपोर्ट वाहन म्हणून नाही. दोघांची गल्लत करून "मित्र तर चालवतो" असं म्हणू नका. आणि बॅजसाठी पैसे मागणाऱ्या एजंटला नमस्कार करा. बॅज रिक्षा-टॅक्सीसारख्या प्रवासी वाहनांचा, काँक्रीटला बॅज लागत नाही.

आता प्रत्यक्ष अर्ज. सगळं केंद्र सरकारच्या सारथी पोर्टलवर होतं. राज्य महाराष्ट्र निवडून शिकाऊ लायसन्सच्या अर्जात गेलात की पहिल्याच पानावर विचारतात, तुमच्याकडे आधीचं लायसन्स आहे का? इथे "आहे" निवडून जुना नंबर टाकायचा. घाईत "नाही" निवडलं तर नव्या माणसाचा अर्ज तयार होतो, पुढे एकाच माणसाच्या दोन नोंदी म्हणून तो अडकतो आणि सोडवायला आरटीओच्या चकरा. माझ्या दुकानात घरून अर्धवट भरून आणलेल्या अर्जांमध्ये ही चूक सगळ्यात जास्त असते. वाहनांच्या यादीत ट्रान्सपोर्टचा वर्ग निवडा. फोटो आणि सहीची फाइल २० केबीच्या आत ठेवा, नाहीतर पान पुढे सरकत नाही.

होस्टेलवर राहणाऱ्यांना एक दिलासा आहे. आधारवर पत्ता जळगावचा किंवा बीडचा असला तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो. ठाण्याचं एमएच ०४ किंवा नवी मुंबईचं एमएच ४३, जिथे ट्रेनिंग घेताय तिथलं कार्यालय निवडा. पक्कं कार्ड पोस्टाने लायसन्सवरच्या पत्त्यावर जातं, तेवढं गावी घरच्यांना सांगून ठेवा.

कागद फार नाहीत: आधार, वयाचा पुरावा, चालू कारचं लायसन्स, आणि नमुना १-अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र. कारच्या वेळी तब्येतीचं स्वतःचं घोषणापत्र चाललं होतं, ट्रान्सपोर्टला ते चालत नाही, डॉक्टरच लागतो. नजर, रंग ओळखणं, ऐकू येणं, हातापायांची हालचाल हे तपासतात. चष्मा असेल तर लावून जा, लपवू नका. चष्म्यासकट नीट दिसत असेल तर अडत नाही. तपासणी न करता शिक्का मारणारे दुकानाच्या आसपासच भेटतील. रात्री अडीच वाजता खारेगाव टोलनाक्याजवळ समोरून येणारा हेडलाइट डोळ्यांत फुटतो तेव्हा तो शिक्का कामाला येत नाही, म्हणून खरोखर डोळे तपासून घ्या.

शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं. ३० दिवस झाले की पक्क्या परीक्षेची तारीख घेता येते. मधला महिना हेवीचं ट्रेनिंग देणाऱ्या मान्यताप्राप्त मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये घालवायचा, कारण ट्रान्सपोर्टच्या अर्जाला त्यांचं नमुना ५ मधलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: तुमच्याकडे मोठी गाडी खरंच आहे का, आणि मला स्टिअरिंगवर किती तास बसवणार? या महिन्यात मामाच्या मिक्सरवर "हात साफ" करायला बसू नका. शिकाऊ लायसन्सवर भरलेली गाडी कामाला नेणं म्हणजे लायसन्सशिवाय चालवण्यासारखंच. त्याला कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, मालकावर वेगळी कारवाई होते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई मालकाकडून वसूल करायला बघते.

त्यानंतर सारथीवर लायसन्समध्ये नवीन वर्ग वाढवण्याचा अर्ज. केंद्रीय नियमांतली फी अशी: शिकाऊ लायसन्स एका वर्गाला १५० रुपये, चालवण्याच्या परीक्षेला ३००, वर्ग वाढवायला ५००. कार्ड आणि पोस्टाचे थोडे वरचे. सगळं ऑनलाइन भरता येतं, पावती लगेच मिळते. याच्यावर कोणी काही मागत असेल तर ते सरकारचं नाही. परीक्षेत मुलं बहुधा रिव्हर्सला नापास होतात. कार मागे घेताना मान वळवून बघायची सवय असते, इथे फक्त आरशांवर विसंबावं लागतं.

पास झालात की कार्डावर दोन तारखा दिसतील. कारचा भाग तिशीच्या आत काढलेला असेल तर वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो, ट्रान्सपोर्टचा फक्त ५ वर्षं. पूर्वीची तीस दिवसांची सवलत आता नाही, मुदत संपली त्या दिवसापासून गाडी बंद.

एवढं करून पार्टटाइम जमतं का, हे मात्र पोर्टल सांगत नाही. तयार काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४९२६ मध्ये, माल भरल्यापासून दोन तासांत रिकामा करायचा असं धरलेलं आहे. लेक्चर अकराला आहे म्हणून ड्रम साडेदहाला शिळफाट्यावर उभा करता येत नाही. स्लॅब सुरू झाला की पंप थांबेपर्यंत ट्रिप चालू राहतात, आणि अवजड वाहनांना दिवसा बंदी लागली की सगळं काम रात्रीवर जातं. कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आहे, पण प्लांटवर १२ तासांची पाळी सर्रास विचारतात. माझं मत विचाराल तर कॉलेज चालू असताना फक्त शनिवार-रविवार, आणि मे महिन्याची सुट्टी. रात्रपाळी करून सकाळच्या लेक्चरला बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ७५ टक्के हजेरी भरते, पण डोक्यात काही शिरत नाही.

वीस व्हायला वेळ असेल तर त्याच प्लांटच्या लॅबमध्ये विचारा. १५० मिलिमीटरचे क्यूब भरणं, ७ आणि २८ दिवसांनी दाबून ताकद बघणं, गाडी निघताना स्लम्प घेणं (ओलं काँक्रीट किती घट्ट-पातळ आहे ते मोजणं), माल पोचवण्याचं चलन फाडणं, ही कामं त्यांना सतत असतात. सिव्हिल डिप्लोमाच्या मुलाला तर त्याचा ड्रायव्हिंगपेक्षा जास्त उपयोग आहे.

कामावर लागताना प्लांट आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो आणि बहुधा पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतो. दाखल्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण तुम्ही ठाणे आयुक्तालयात राहता की नवी मुंबईच्या हे बघून भरा. दिघ्यापासून पुढे नवी मुंबई, कळवा ठाण्यात. तुम्ही नेमणूकपत्र मागा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि प्लांटला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर पहिल्याच आठवड्यात नंबर घ्या, कामावरच्या दुखापतीला तोच लागतो. कागदांच्या झेरॉक्स द्या, मूळ लायसन्स कोणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. एका प्लांटवर असं कार्ड ठेवून घेतलेल्या मुलाला काम सोडल्यावर ते मिळायला तीन आठवडे लागले. तोवर तो मोबाइलवरच्या डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवत होता, आणि ट्रॅफिक पोलिसाला ते मान्य करावंच लागतं.