पूर्ण जबड्याचे दंतरोपण

वरच्या किंवा खालच्या जबड्यातले सगळे, किंवा जवळजवळ सगळे दात गेले असता हाडात टायटॅनियमचे मोजके स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने दातांची अख्खी कमान उभारण्याची उपचारपद्धती. प्रत्येक दातामागे एक स्क्रू लागत नाही. १० ते १२ दातांची सलग कमान ४ ते ६ स्क्रूंवर पेलली जाते. दवाखान्यात या स्क्रूला ‘इम्प्लांट’ म्हणतात. रुग्णांच्या तोंडी मात्र ‘फिक्स दात’ हाच शब्द असतो, आणि काढ-घाल करायच्या कवळीपासूनचा फरक त्यात नेमका सांगितला जातो.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो आणि चावण्याचा ताण त्यातून हाडापर्यंत पोचतो. दात पडला की तो ताण थांबतो आणि दात धरून ठेवणारे हाड झिजू लागते. कवळी वापरणाऱ्यांची २५ वर्षे पाहणी करून आंतये तालग्रेन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार मिळतो, ती चिकटून राहते. खालच्या कवळीला घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी, त्यात मध्ये जिभेची सततची ढकलाढकली. वरची कवळी तोंडात आणि खालची पाण्याच्या वाटीत, हे घरोघरचे दृश्य त्यामुळेच. भाकरी दुधात कुस्करायची, पेरूकडे नुसते बघायचे, ही तक्रार बहुतेक वेळा खालच्या कवळीची असते.

हाड आणि टायटॅनियम यांची जवळीक प्रथम १९४० मध्ये प्राण्यांवरील एका प्रयोगात नोंदली गेली होती, पण तिचा पाठपुरावा झाला नाही. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) दातांवर काम करतच नव्हते. हाडातल्या मगजात रक्त कसे वाहते ते पाहण्यासाठी १९५२ मध्ये त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी दुर्बीणवजा नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर महागाची नळी परत काढायला गेले, तर ती निघेना. हाड तिला घट्ट धरून बसले होते. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि शरीर या थराला परके मानून दूर लोटत नाही. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन यांनी ते २००६ मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ वापरले. दंतवैद्यकाच्या जगाने मात्र बराच काळ याकडे संशयाने पाहिले; १९८२ मध्ये कॅनडात टोरांटो येथे जॉर्ज झार्ब यांनी भरवलेल्या परिषदेनंतर वारे फिरले. थोडक्यात, या शास्त्राची सुरुवात एकेका दातापासून झाली नाही. बोळक्या तोंडात अख्खी कमान बसवणे हेच मूळ काम होते, एकट्या दाताचे इम्प्लांट पुढे आले.

मूळ पद्धतीत ५-६ स्क्रू जबड्याच्या पुढच्या भागात उभे बसवत, हिरडी शिवून टाकत, आणि खालच्या जबड्यात ३ महिने, वरच्यात ६ महिने त्यांवर काहीच भार देत नसत. अडचण मागच्या बाजूला होती. वरच्या दाढा गेल्या की त्यांच्यावरची हवेची पोकळी, म्हणजे सायनस, खाली उतरते आणि तिच्याखालचे हाड कागदासारखे पातळ होते. खालच्या जबड्यात दाढांखालून संवेदनेची नस जाते आणि उपदाढांपाशी (सुळा आणि दाढा यांमधले दात) एका छिद्रातून ओठाकडे निघते. तिला धक्का लागला तर ओठ-हनुवटी कायमची बधिर होऊ शकते. उपाय दोनच उरत : सायनसचा पडदा उचलून खाली हाडाची भर घालणे, किंवा स्क्रू पुढेच ठेवून दाढा हवेत लोंबत्या ठेवणे. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात लांब लोंबत्या टोकामुळे स्क्रूवर तरफेसारखी उचक बसते.

लिस्बनचे पाउलो मालो यांनी १९९० च्या दशकात वेगळी वाट रुळवली. पुढचे २ स्क्रू उभे, मागचे २ मात्र ३० ते ४५ अंशांनी तिरके. तिरक्या स्क्रूचे टोक पुढच्या भक्कम हाडात राहते आणि डोके मागे, दुसऱ्या उपदाढेच्या जागी बाहेर येते. सायनस आणि नस दोन्ही चुकतात, लांब स्क्रू मावतो आणि लोंबते टोक आखूड होते. खालच्या जबड्याचे निष्कर्ष २००३ मध्ये व वरच्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ऑल-ऑन-फोर’ हे एका कंपनीचे नोंदणीकृत नाव, पण दवाखान्यांच्या पाट्यांवर ते झेरॉक्ससारखे सरसकट वापरले जाते. चार या आकड्यात जादू नाही. स्क्रू कमानीवर पुढे-मागे किती पसरले आहेत, हे त्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे. वरचे हाड मऊ असल्याने तिथे अनेक डॉक्टर ६ स्क्रू पसंत करतात. वर हाड उरलेच नसेल तर गालाच्या हाडात शिरणारे, ३० ते ५० मिलिमीटर लांबीचे स्क्रू वापरतात. ते मात्र सराईत हातांचेच काम.

‘एका दिवसात दात’ ही जाहिरात खरी आहे आणि फसवीही. स्क्रू पिळताना ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास पीळ मिळाला तर त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत प्लास्टिकची तात्पुरती कमान चढवता येते. पण ती पकड केवळ यंत्राची असते, लाकडात पिळलेल्या स्क्रूसारखी. हाड स्क्रूला धरते ते पुढच्या महिन्यांत. मधल्या काळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जुनी पकड सैल होते आणि नवे हाड अजून पुरते आलेले नसते. या वेळी स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या-सातव्या हिश्शाने जरी हलत राहिला, तरी भोवती हाडाऐवजी नुसते तंतू तयार होतात. दुखणे तर थांबलेले असते, नवे दात घट्ट वाटत असतात, आणि नेमके तेव्हाच कोणीतरी चकली पुढे करते. म्हणून २-३ महिने मऊ भात, खिचडी, उपमा. पक्की कमान, टायटॅनियमच्या दांडीवरचे ॲक्रिलिक दात किंवा अखंड झिर्कोनिया (दातासारखे पांढरे, टणक सिरॅमिक), त्यानंतरच.

तपासणीत एक छोटी गोष्ट निर्णायक ठरते. डॉक्टर कवळी काढायला सांगतात आणि म्हणतात, ‘आता मोकळेपणी हसा.’ हसताना वरच्या ओठाखाली हिरडी दिसली, तर खरी हिरडी आणि कमानीची गुलाबी खोटी हिरडी यांचा सांधाही उद्या दिसणार. तो ओठाआड जावा आणि कमानीला जाडी मिळावी यासाठी हाड काही मिलिमीटर तासावे लागते. तासलेले हाड परत येत नाही. थोडी डागडुजी केली तर टिकतील असे दात उपटून सगळी कमान ‘एकदाच करून टाकायची’, हा अलीकडचा उत्साह म्हणूनच शंकास्पद वाटतो.

स्वस्त आणि साधा पर्याय झाकोळला जातो. खालच्या जबड्यात फक्त २ स्क्रू बसवून त्यांवर चाप-बटणासारखी अडकणारी कवळी देता येते. २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हीच किमान अपेक्षित सोय मानावी असे मत दिले. रात्री काढून धुता येते, बटणातल्या नायलॉनच्या टोप्या झिजल्या की बदलता येतात. हात थरथरणाऱ्या आजोबांना किंवा दुसऱ्याच्या मदतीने तोंड धुणाऱ्या आजींना ती फिक्स दातांपेक्षा सोयीची पडते.

वय हा अडसर नाही; ७५-८० वर्षांच्या माणसांतही हाड जुळते. अडसर असतो तो ताब्यात नसलेल्या मधुमेहाचा, विडी-सिगारेटचा, आणि महाराष्ट्रात मशेरी, तंबाखू, गुटख्याचा. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा आखडून तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावली नाहीत तर मागच्या भागात ड्रिल घालायला जागाच राहत नाही. हाडांच्या ठिसूळपणावर किंवा कर्करोगात दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट औषधांमुळे जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे २००३ पासून माहीत आहे. असे इंजेक्शन घेतले असेल तर ते दंतवैद्याला न विसरता सांगावे. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्याला किरणोपचार झाले असतील तर धोका आणखी वाढतो. कर्करोगात जबड्याचा तुकडाच काढला असेल, तर पोटरीतले बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून जोडतात आणि पुढे त्यातही इम्प्लांट बसवता येतात.

बसलेले दात आपल्यासारखे वाटतात, पण तंतूंचा तो थर इथे नसतो. भातातला खडा खऱ्या दाताला तत्क्षणी कळतो. इथे तो उशिरा कळतो किंवा कळतच नाही, आणि जोर बेताबाहेर जाऊन कमानीचा टवका उडतो. किडण्याची भीती नाही, म्हणून घासायची गरज नाही हा समज घातक आहे. कमानीखाली अन्न अडकते, कीटण चढते, हिरडी सुजते आणि स्क्रूभोवतीचे हाड न दुखता विरघळत जाते. लहान गोल ब्रश किंवा पाण्याचा फवारा कमानीखालून रोज फिरवावा लागतो. तपासणीच्या वेळी गरज वाटली तर डॉक्टर दातांच्या आतल्या बाजूला स्क्रूच्या छिद्रांवर घातलेले भराव उकरतात, खालची टेफ्लॉनची पट्टी ओढून काढतात, कमान इम्प्लांटला जोडणारे छोटे स्क्रू उलटे फिरवून अख्खी कमान हातात घेतात आणि धुऊन परत चढवतात.

दोन्ही जबड्यांचा खर्च सहज काही लाखांत जातो आणि आरोग्य विम्यात तो सहसा बसत नाही. सुट्टीत पुण्याला किंवा गोव्याला येऊन इम्प्लांट करून परत जाणाऱ्या परदेशस्थ मराठी मंडळींनी एक कागद जपावा. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांकाची चिकटपट्टी असते. डॉक्टर ती फाइलमध्ये लावतात, रुग्णालाही देतात. कंपनीगणिक हा जोडणारा स्क्रू वेगळा आणि तो फिरवणारी चावीही वेगळी. दहा वर्षांनी न्यू जर्सीत असा एखादा स्क्रू ढिला झाला, तर तिथला डॉक्टर तोंडात बघण्याआधी ती पट्टीच मागेल.